जुन्या वायरिंगवर नवा सॉकेट काढताना

बोर्डावर एक सॉकेट वाढला म्हणून डीबीपासून (घरातल्या सगळ्या सर्किटांना वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीपासून) त्या बोर्डापर्यंत आलेली वायर जाड होत नाही. नवा पॉइंट काढल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी जळका वास येतो, एमसीबी (जादा करंट गेला की सर्किट आपोआप तोडणारा स्विच) पडायला लागतो, सॉकेटचं तोंड तपकिरी होतं, त्याचं मूळ बहुधा इथेच असतं. जागा बघून पॉइंट काढलेला असतो, वायर कुणी बघितलेलीच नसते. म्हणून या लेखात हत्यारं हातात घेण्याआधीचा भाग लांब आहे आणि भिंतीला भोकं पाडण्याचा त्यामानाने थोडका.

पुढचे सगळे आकडे २३० व्होल्ट सिंगल फेज पुरवठा, तांब्याच्या पीव्हीसी वायरी आणि ६ व १६ अँपिअरचे तीन पिनांचे सॉकेट धरून आहेत. डीबीच्या आतलं काम, म्हणजे नवा एमसीबी बसवणं किंवा बसबारला (एमसीबींना वीज पुरवणाऱ्या धातूच्या पट्टीला) हात लावणं, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मेन स्विच पाडला तरी मीटरकडून त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरी जिवंतच असतात. उरलेलं काम स्वतः करायला कायद्याची आडकाठी नाही ना हे आधी पाहा, आणि केलंत तरी चालू करण्यापूर्वी एकदा जाणकाराकडून मोजून घ्या.

कुठला बोर्ड कुठल्या एमसीबीवर

कागदावर घराचा ढोबळ नकाशा काढून प्रत्येक दिवा, पंखा आणि सॉकेट दाखवा. मग डीबीतला एकेक एमसीबी खाली पाडा आणि काय काय बंद पडलं ते त्या त्या खुणेशेजारी लिहा. सॉकेट तपासायला एखादा टेबल-लॅम्प पुरतो. हे करताना दोन गोष्टी वारंवार सापडतात. डीबीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि प्रत्यक्षातली सर्किटं यांचा मेळ बसत नाही, ही पहिली. दुसरी जास्त घातक: एकाच बोर्डावर दोन सर्किटं आलेली असतात. दिवे-पंखा एका एमसीबीवर आणि त्याच बोर्डातला मोठा सॉकेट दुसऱ्यावर. असा बोर्ड एकच एमसीबी पाडून उघडला तर अर्धा बोर्ड जिवंत हातात येतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची सर्किटं वेगळ्या रंगाने दाखवा. मेन बंद केल्यावरही ती जिवंत राहतात, कारण इन्व्हर्टरच्या लेखी तर आत्ताच वीज गेलेली असते. अशा सर्किटला हात लावायचा तर इन्व्हर्टरचं आउटपुट स्वतंत्रपणे बंद करावं लागतं. त्यावर नवा सॉकेट काढूच नये हे उत्तम. कुणी ना कुणी एक दिवस त्यात इस्त्री लावतंच.

आता लोडची बेरीज. वॅट भागिले २३० म्हणजे अँपिअर. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते, १५०० वॅटची किटली ६.५, २००० वॅटची इंडक्शन शेगडी ८.७ आणि ३००० वॅटचा गीझर १३. याउलट लॅपटॉप, मोबाइल, राउटर आणि टीव्ही मिळून साधारण २०० वॅट, म्हणजे एक अँपिअरच्या आत. चार्जरसाठी चार सॉकेट वाढवले तर सर्किटला पत्ताही लागत नाही. किटलीसाठी एकच वाढवला तर लागतो. आणि ती किटली ६ अँपिअरच्या सॉकेटच्या मर्यादेबाहेरची आहे, हेही वरच्या आकड्यातच दिसतं.

रूढ नियम असा: दिवे, पंखे आणि ६ अँपिअरचे सॉकेट मिळून एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट, आणि पॉवरच्या सर्किटवर १६ अँपिअरचे जास्तीत जास्त दोन सॉकेट, ३००० वॅटपर्यंत. तुमच्या नकाशावर ज्या सर्किटचे दहा पॉइंट आधीच भरलेत तिथून नवा काढू नका, तो बोर्ड कितीही सोयीच्या जागी असला तरी.

दीडची, अडीचची, चारची

वायरीची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात आणि बोलताना नुसतं ‘दीडची’, ‘अडीचची’, ‘चारची’ म्हणतात. बोर्ड उघडल्यावर इन्सुलेशनवर छापलेलं वाचा. छपाई पुसली असेल तर तारा मोजा: ०.३ मिमीच्या २२ तारा म्हणजे दीडची, ३६ म्हणजे अडीचची, ५६ म्हणजे चारची. जुन्या घरात ३/२२ अशी भाषा भेटेल; ती तीन जाड तारांची वायर दीडपेक्षाही कमी, साधारण १.२ चौरस मिमीची असते. तिच्यावर आणखी काही लादू नका.

पाइपातून गेलेल्या वायरीला गरमी बाहेर टाकायला वाव कमी, म्हणून तिची क्षमताही कमी धरायची. दीडची साधारण १४ अँपिअर, अडीचची १९, चारची २६. एमसीबी नेहमी त्याच्या खालचा: दीडला १०, अडीचला १६, चारला २० किंवा फार तर २५.

एमसीबी असतो तो वायरीसाठी, उपकरणासाठी नाही. शिवाय तो आपल्याला वाटतो तितका काटेकोर नसतो. छापील आकड्याच्या १.१३ पट करंटला त्याने तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पट करंटला तासाभरात पडलंच पाहिजे, अशी त्याची घडण आहे. म्हणजे १० अँपिअरचा एमसीबी १४.५ अँपिअर जवळपास तासभर सोसू शकतो. दीडच्या वायरीची मर्यादाही तेवढीच, म्हणून ती जोडी बरोबर बसते. त्याच वायरीवर ‘सारखा पडतो’ म्हणून ३२ चा एमसीबी लावला की तो तासभर ४६ अँपिअर जाऊ देईल. तोवर भिंतीतलं इन्सुलेशन वितळून मोकळं झालेलं असतं. नवा पॉइंट काढल्यावर जुना एमसीबी पडायला लागला, तर त्याचा आकडा वाढवणं हा उपाय कधीच नसतो.

अंतराचाही हिशेब आहे. डीबीपासून १५ मीटरवर १३ अँपिअरचा लोड लावला, तर करंट जाऊन-येऊन ३० मीटर फिरतो. दीडच्या वायरीत तेवढ्यात ४.७ व्होल्ट खाली जातात आणि सुमारे ६१ वॅट भिंतीत गरमी होऊन मुरतात. अडीचच्या वायरीत हेच २.९ व्होल्ट आणि ३८ वॅट.

वीज कुठून घ्यायची

तीन वाटा आहेत. हलक्या लोडसाठी जवळच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवरून लूप करून, म्हणजे त्याच्याच टर्मिनलवरून वायर घेऊन, पुढे नेणं, ही पहिली. भिंतीच्या पलीकडच्या खोलीत पॉइंट असेल तर त्याच्या पाठीला पाठ लावून आरपार भोक पाडणं, ही दुसरी. यात वायर जेमतेम हातभर लागते आणि भिंत खोदावी लागत नाही. फक्त दोन्ही बॉक्स एकमेकांपासून बाजूला सरकवून घ्या, अगदी समोरासमोर नको, नाहीतर पातळ भिंतीत तेवढ्या भागात विटच उरत नाही. तिसरी वाट डीबीतून स्वतंत्र वायर ओढण्याची. इंडक्शन, ओव्हन, गीझर, एसी, वॉशिंग मशीन यांच्यासाठी ही एकच वाट आहे.

१६ अँपिअरचा सॉकेट दीडच्या वायरीवर बसवू नये हे सगळे सांगतात. उलटी चूक मात्र सर्रास होते: पॉवरच्या सर्किटवरून ६ अँपिअरचे दोन-तीन सॉकेट काढणं. वायर जाड आहे, मग बिघडलं काय? बिघडतं सॉकेट. मागे एमसीबी २० चा, म्हणून ६ च्या सॉकेटात मल्टिप्लग खुपसून कुणी १२ अँपिअर ओढले तरी काही पडत नाही. सॉकेटातल्या पितळी पट्ट्या तापून सैल होत जातात.

ज्या बोर्डात फक्त स्विच आहेत तिथे बऱ्याचदा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) नसतोच. फेज येतो, स्विचमधून वर दिव्याकडे जातो आणि न्यूट्रल वरच्या वरच राहतो. अशा ठिकाणी शेजारच्या बोर्डातून, म्हणजे दुसऱ्या सर्किटमधून न्यूट्रल उसना आणतात. हे करू नका. दोन सर्किटं वेगवेगळ्या आरसीसीबीखाली (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचखाली) असतील तर लोड लावताक्षणी आरसीसीबी पडेल, कारण त्याचं कामच मुळी गेलेला आणि परतलेला करंट ताडून पाहणं आहे, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक त्याला पुरतो. दोन्ही एकाच आरसीसीबीखाली असतील तर तो पडणार नाही, आणि ते जास्त वाईट. पुढे कधीतरी कुणी एक एमसीबी बंद करून ‘बंद’ सर्किटचा न्यूट्रल सोडवेल, तेव्हा त्या टोकावर दुसऱ्या सर्किटचा लोड लटकलेला असेल आणि ते टोक २३० व्होल्टवर येईल.

अर्थिंगचंही तसंच. जुन्या दोन पिनांच्या बोर्डात हिरवी वायरच नसेल तर सॉकेटच्या अर्थ पिनेला न्यूट्रलवरून तुकडा मारून देण्याची जी युक्ती चालते, ती जीवघेणी आहे. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की लोडमधून आलेला फेज त्या तुकड्यातून थेट उपकरणाच्या पत्र्यावर येतो. डीबीच्या अर्थ बारपासून स्वतंत्र हिरवी वायर आणा. नसेल आणता येत तर तीन पिनांचा सॉकेट तिथे बसवूच नका.

वायर पांढुरकी दिसली तर नखाने किंवा पात्याच्या टोकाने जरा खरवडा. खाली तांबूस चमक आली तर ते कल्हई केलेलं तांबं, जुन्या रबरी वायरीत असायचं तसं. आतूनही पांढरीच असेल तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमला तांब्याची तार पिळून जोडायची नाही. दोन धातू वेगवेगळ्या मानाने फुगतात, दमटपणात जोड गंजतो आणि काही महिन्यांत सैल होतो. आणि रबर जर वाकवल्यावर भुगा होऊन गळत असेल, तर विषय सॉकेट वाढवण्याचा उरलेलाच नाही, वायरिंग बदलण्याचा आहे.

एका नेहमीच्या कामाचं सामान

उदाहरण घेऊ. जुना बोर्ड जमिनीपासून १.२ मीटरवर आहे, त्यात ६ अँपिअरचा एक सॉकेट आहे आणि तिथपर्यंत दीडची वायर आली आहे. त्याच भिंतीवर ३ मीटर पुढे, जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, ६ अँपिअरचे दोन सॉकेट हवेत. काम भिंतीच्या वरून, केसिंग-कॅपिंगमध्ये (झाकण असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीत).

वाट ३ मीटर आडवी आणि ०.९ मीटर उभी, म्हणजे ३.९ मीटर. दोन्ही बॉक्समध्ये २०-२० सेंटिमीटर शिल्लक ठेवली की ४.३ मीटर. फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा प्रत्येक रंगाची पाच-पाच मीटर वायर घ्या, दीडचीच. पुढचा तुकडा अडीचचा टाकून फायदा नाही, मागची दीडचीच राहते. उलट पुढे कुणी तो पाहून सगळी वायर अडीचची समजण्याचा धोका.

मॉड्यूलचा, म्हणजे प्लेटवरच्या जागांचा हिशेब: सॉकेटला दोन जागा, स्विचला एक. दोन सॉकेट आणि दोन स्विच म्हणजे सहा मॉड्यूलची प्लेट आणि तिचाच वरून बसणारा बॉक्स. २० मिमी रुंदीची केसिंग, दोन मीटरच्या पट्ट्या असतील तर तीन. दोन अगदी काठावर येतात आणि कोपऱ्यात ४५ अंशात कापताना थोडी वाया जाते. स्क्रू धरायला ६ मिमीच्या गिट्ट्या आणि २५ मिमीचे स्क्रू प्रत्येकी १५. आतल्या लूपसाठी त्याच वायरीचे हातभर तुकडे. हत्यारांत दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा मल्टिमीटर, वायर सोलायचा पक्कड, दोन मापांचे स्क्रूड्रायव्हर, ड्रिल, ६ मिमीचं बिट, लेव्हल, करवत.

पेनासारखा निऑन टेस्टर खिशात असू द्या, पण त्याच्या शब्दावर वायरीला हात लावू नका. लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर तो जिवंत वायरीवरही अंधुक लागतो किंवा लागतच नाही, आणि शेजारून गेलेल्या वायरीमुळे बंद वायरीवरही मिणमिणतो.

वीज बंद, आणि बंद असल्याची खात्री

एमसीबी पाडा, त्यावर टेप लावून ‘काम चालू’ लिहा आणि घरातल्यांना सांगा. बोर्डात दोन सर्किटं आहेत अशी पुसटशी शंका असली तरी मेनच पाडा. उजेडाला बॅटरी वापरा.

मग तपासणी, तीन टप्प्यांत. टेस्टर आधी जिवंत असल्याचं माहीत असलेल्या सॉकेटवर लावून तो चालतो हे पाहा (मेन पाडण्याआधीच). मग ज्यावर काम करायचं त्या बोर्डात फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही जोड्यांत मोजा. शेवटी टेस्टर पुन्हा जिवंत ठिकाणी लावा. मधल्या वेळात त्याची बॅटरी गेली असेल किंवा टोकाची वायर तुटली असेल, तर ‘शून्य’ दाखवणारा तो टेस्टर शून्य दाखवत नसतो, मुका झालेला असतो. मेन पाडला असेल तर तिसऱ्या टप्प्याला इन्व्हर्टरचा सॉकेट किंवा मल्टिमीटरसाठी साधी बॅटरी कामी येते.

रंगावर जाऊ नका. लाल, पिवळा, निळा हे तिन्ही फेजचे आणि काळा न्यूट्रलचा, ही एक पद्धत. तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल, ही दुसरी. म्हणजे निळी वायर एका घरात मारते आणि दुसऱ्या घरात नाही. त्यात पूर्वीच्या कारागिराच्या पिशवीत जो रंग शिल्लक होता तो.

प्रत्यक्ष काम

आधी भिंतीवर पेन्सिलीने वाट आखा. वाट कायम आडवी किंवा उभी, तिरकी कधीच नाही. पुढे खिळा मारणारा माणूस बोर्डाच्या सरळ वर-खाली आणि आजूबाजूलाच वायर असेल असं धरतो. त्याच न्यायाने तुम्हीही जुन्या बोर्डाच्या उभ्या-आडव्या रेषेत ड्रिल लावू नका. केसिंगच्या पट्ट्या दर ४५ सेंटिमीटरला स्क्रूने पक्क्या करा आणि कोपऱ्यापासून ५ सेंटिमीटरच्या आत एक स्क्रू हवाच. नवा बॉक्स लेव्हल लावून बसवा. दोन मिलिमीटरचा तिरकेपणा बॉक्सवर दिसत नाही, प्लेटवर रोज दिसतो.

कन्सील्ड करायचं, म्हणजे पाइप भिंतीत गाडायचा असेल तर झिरीची (त्यासाठी खोदलेल्या खाचेची) खोली भिंतीवर अवलंबून. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल असू नये. १०० मिमीच्या भिंतीत आडवी झिरी १६ मिमीच्या पुढे नेता येत नाही, म्हणजे २० मिमीचा पाइप त्यात लपतच नाही. अशा भिंतीत वरून किंवा खालून उभं यायचं. कॉलम आणि बीमला तर छिन्नीही लावू नका. जुन्याच पाइपातून जादा वायरी ओढायच्या असतील तर पाइपाच्या पोकळीचा ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग वायरींनी भरता कामा नये. वायर ओढायची स्प्रिंग अडली म्हणून जोर लावून ओढलेली वायर आतल्या आत सोलवटते आणि तो दोष पावसाळ्यात वर येतो.

वायरी टाकून झाल्या की सर्वांत कसबाचा भाग येतो, तो टर्मिनलचा. इन्सुलेशन १० ते १२ मिमी सोला. सोलताना तारा तुटल्या तर टोक कापून पुन्हा सोला. २२ पैकी ५ तारा गेल्या तर ती वायर त्या जागी दीडची राहिलेली नसते. तारा बोटाने पिळून एकजीव करा, टर्मिनल मोठं असेल तर टोक दुमडून दुहेरी करा. कथिल लावू नका. मऊ कथिल स्क्रूखाली हळूहळू पसरतं आणि घट्ट केलेला स्क्रू आपोआप सैल होतो. स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, इन्सुलेशनवर नाही, आणि बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. आवळल्यावर प्रत्येक वायर एकेकटी धरून ओढून पाहा. सरकली तर पुन्हा.

यावर इतका वेळ का? सैल जोडाचा रोध समजा ०.१ ओहम आहे. १३ अँपिअरला तिथे जवळजवळ १७ वॅट गरमी होते, वाटाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. एमसीबीला याचा गंधही नसतो, कारण करंट वाढलेलाच नाही.

जुन्या बोर्डातून फेज घेताना तो स्विचच्या येणाऱ्या बाजूवरून घ्या. जाणाऱ्या बाजूवरून घेतला तर जुना स्विच बंद केला की नवे सॉकेटही बंद पडतात. न्यूट्रल आणि अर्थ जुन्या सॉकेटच्या टर्मिनलवरून. एका टर्मिनलमध्ये दोनपेक्षा जास्त वायरी कोंबू नका. तिसरी आली की योग्य मापाचा कनेक्टर वापरा आणि तो बॉक्समध्येच ठेवा. पाइपात किंवा केसिंगमध्ये टेप गुंडाळलेला जोड नको.

नव्या बॉक्समध्ये फेज पहिल्या स्विचच्या येणाऱ्या टर्मिनलला, तिथून लूप दुसऱ्या स्विचला. प्रत्येक स्विचचं दुसरं टोक आपापल्या सॉकेटच्या ‘एल’ला. न्यूट्रल दोन्ही सॉकेटच्या ‘एन’ला, हिरवी दोन्हींच्या ‘ई’ला. सॉकेटकडे समोरून पाहिलं, मोठं भोक वर ठेवून, की फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे असतो. पण वायर जोडताना सॉकेट पालथा असतो आणि उजवं-डावं उलटतं. म्हणून दिशा आठवत बसू नका, टर्मिनलवरची अक्षरं वाचा. हिरवी वायर बाकीच्या दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवा. कधी सॉकेट ओढला गेलाच तर ती सर्वांत शेवटी सुटावी.

वायरी बॉक्समध्ये कोंबू नका, घडी घालून बसवा. प्लेटचा स्क्रू लागत नसेल तर मागे वायर अडकली आहे. जोर लावलात तर तोच स्क्रू तिच्यात घुसतो.

चालू करण्याआधी आणि केल्यावर

वीज बंद असतानाच मल्टिमीटरने जुन्या बोर्डाच्या हिरव्या वायरीपासून नव्या सॉकेटच्या अर्थ पिनेपर्यंत रोध मोजा. एका ओहमच्या खालीच आला पाहिजे. मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) मिळत असेल तर सर्किटवरची सगळी उपकरणं आणि दिवे काढून, डीबीत त्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटे करून घेऊन, ५०० व्होल्टला इन्सुलेशन तपासा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, प्रत्येक ठिकाणी किमान १ मेगाओहम. नुकत्याच टाकलेल्या नव्या तुकड्याला एवढं कमी येतच नाही. कमी आलं तर खोट जुन्या भागात शोधा.

मग एमसीबी चढवा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तितकाच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. लोड चालू असताना हा शेवटचा आकडा अगदी शून्य येत असेल तर खूश होऊ नका. जवळच कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले असू शकतात. आणि फेज-अर्थ २३० आले म्हणजे अर्थिंग चांगलं, असंही नाही. मल्टिमीटर इतका कमी करंट ओढतो की गंजलेल्या, कशीबशी टेकलेल्या अर्थ वायरीवरही तो आकडा छान दाखवतो. अर्थिंगची खरी ताकद मोजायला अर्थ-लूप टेस्टर लागतो.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो हे पाहा. त्यानंतर १००० वॅटची इस्त्री नव्या सॉकेटवर वीस मिनिटं चालू ठेवा, काढा, आणि प्लेटला, प्लगच्या पिनांना आणि मागच्या जुन्या बोर्डालाही हात लावा. कोमट चालेल, गरम नको. जुना बोर्ड हमखास विसरला जातो, आणि तापतो तो तिथलाच लूप.

बिघाड आणि त्यांची कारणं

सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो आणि उपकरण मात्र चालत नाही: न्यूट्रल मागे कुठेतरी सुटलाय, आणि त्या सर्किटवर चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणातून फेज न्यूट्रलच्या वायरीत उतरलाय. शेवटच्या चालू पॉइंटपासून पहिल्या बंद पॉइंटपर्यंतचे जोड बघा.

लोड लावला की लगेच आरसीसीबी पडतो, उपकरण कुठलंही असो: न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा घेतलाय किंवा न्यूट्रल आणि अर्थ उलटे जोडलेत. काहीच न लावता पडतो, तोही कधी कधीच: केसिंगचा स्क्रू वायरीत गेलाय का पाहा. न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर घरात दुसरीकडे मोठा लोड चालू होईल तेव्हाच पडेल, म्हणून तो दोष ‘लहरी’ वाटतो.

एमसीबी चढवताक्षणी पडतो तो शॉर्टमुळे. पंधरा-वीस मिनिटांनी पडतो तो जादा लोडमुळे, किंवा एमसीबीच्या स्वतःच्या सैल स्क्रूच्या गरमीमुळे. प्लग हलवला की दिवा लुकलुकत असेल तर सॉकेटच्या पट्ट्या सैल झाल्यात. तो सॉकेट बदलायचा, पट्ट्या वाकवून घट्ट करायच्या नाहीत.

काम झाल्यावर डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला नव्या पॉइंटची नोंद चिकटवा: कुठला एमसीबी, कितीची वायर, कुठून लूप घेतलाय आणि वायरीची वाट कुठून जाते. महिन्याभराने पुन्हा वीज बंद करून, तपासून, दोन्ही बोर्ड उघडा आणि टर्मिनलचे स्क्रू एकदा ओळीने आवळा. तापून-निवून तांबं थोडं बसलेलं असतं आणि पाव वळसा तरी फिरतोच.